पुढच्या कामाची आठवण आणि हातचे काम

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुका. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार या भागात आढळतो. अशा मुलास डॉक्टरांनी सांगितलेली फॉलिक आम्लाची गोळी न चुकता द्यावी लागते. मूल आश्रमशाळेत राहत असल्यास ही जबाबदारी अधीक्षक व शिक्षकांवर येते. समजा, गोळी दुपारी एक वाजता द्यावयाची आहे आणि गणिताचा तास चालू आहे. हात फळ्यावर फिरत असतो. मन मात्र घड्याळाकडे धावते. तेवढ्यात प्रकल्प कार्यालयाला पाठवावयाचा अहवाल आठवतो. उदाहरण चुकते, आणि कित्येकदा गोळीही राहून जाते.

हा सर्वस्वी हलगर्जीपणा नव्हे. पुढील कामाची आठवण जागती ठेवणे हेही मनाला एक कामच असते. अक्षरसमूह पाहून तो शब्द आहे की नाही हे ओळखावयाचे, असा प्रयोग रिबेका स्मिथ यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. शिवाय ठरावीक शब्द दिसताच एक कृती करावयाची, हे ज्यांना ध्यानात ठेवावे लागले, त्यांची ओळखण्याची गती मंदावली. भरकटलेले मन बहुधा भविष्याकडेच वळते, असेही २०११ च्या एका अभ्यासात दिसून आले.

मग उपाय कोणता? गिलेस आइन्स्टाइन (प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञ ते हे नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० साली वेळेवर अवलंबून असलेली आणि प्रसंगावर अवलंबून असलेली अशी आठवणीची दोन रूपे वेगळी केली. वेळेसाठी मनाला स्वतःच पहारा द्यावा लागतो. खूण चालू कामातच ठळकपणे भेटली, तर आठवण पुष्कळदा आपोआप होते, असे त्यांनी २००० साली मांडले. पदराला गाठ मारण्याची आपली जुनी रीत याच जातीची. पण गाठ कशाची हेच न आठवण्याचा अनुभवही तितकाच जुना आहे! म्हणून खूण नेमक्या कृतीजवळच असावी. ‘एक वाजता गोळी’ यापेक्षा ‘मुलापुढे ताट आले की गोळी’ हा निश्चय अधिक टिकतो, आणि तोपर्यंत शिक्षकांचे लक्ष फळ्यावर राहू शकते. अहवालाचेही तसेच: तो केव्हा व कोठे बसून लिहावयाचा हे ठरले की त्याचा विचार मध्येच डोकावणे कमी होते.

सुट्टीत मूल पाड्यावर गेले की शाळेचे ताट आणि घंटा दोन्ही मागे राहतात. तेव्हा गोळ्यांची पुडी हाती देतानाच, घरात रोज सकाळी पहिले काम कोणते होते, हे आईला विचारून घ्यावे.