हजेरीपट व पाठांची मांडणी

मूल शाळेत येत नाही, याचा दोष बहुधा पालकांच्या अनास्थेस दिला जातो. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी तो दोष शिक्षणाच्या मांडणीत शोधला. मुले बालवाडीत येईनात. म्हणून बालवाडीच वस्तीवरील अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे हाती आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

प्रत्येक शिक्षकास कुरणात जाणे शक्य नाही. परंतु हजेरीपट केवळ तपासणीसाठी नसतो. कोणते मूल कोणत्या महिन्यात गैरहजर राहते, हे मागील दोन वर्षांच्या पटांवरून कळते. लावणीच्या आठवड्यांत निम्मा वर्ग रिकामा असेल, तर हातच्याची वजाबाकी तेव्हा शिकवू नये. तो दुवा निसटला की परतलेल्या मुलास भागाकारही कळेनासा होतो, आणि मंदबुद्धी हा शिक्का मात्र त्याच्यावर बसतो. त्या आठवड्यांत कविता, मोजमाप, परिसरनिरीक्षण घ्यावे. वजाबाकीस सुगीपूर्वीचा काळ राखून ठेवावा.