कांद्याची पात कुठून वाढते?

छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात मिळणारी कांद्याच्या पातीची जुडी तुम्ही पाहिली असेल. खाली मुळे, मध्ये लहानसा कांदा आणि वर हिरवी पात. यात खोड कोणते, सांगा पाहू! बरेच जण कांद्याकडे बोट दाखवतात. पण कांदा उभा चिरून पाहा. मुळांच्या वर एक चपटी, टणक चकती दिसेल. तेच खोड! तिच्यावर एकात एक बसलेले मांसल पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ होत.

कांदा, लसूण आणि लीक ही ॲलियम या एकाच प्रजातीतील भावंडे. कांद्याची पात नळीसारखी पोकळ, तर लसणाची चपटी असते.

आता एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यावर एक कांदा असा ठेवा, की त्याचा फक्त तळ पाण्याला टेकेल. पात पाच-सहा सेंटिमीटर झाली, की तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने एकेक सेंटिमीटरवर खुणा करा. आठवड्याने काय दिसते? शेंड्याकडील खुणांमधील अंतर जवळजवळ तेवढेच राहते. मात्र सर्वांत खालच्या खुणेखाली कोरा, नवा भाग आलेला असतो. म्हणजे पात शेंड्याने नव्हे, तर बुडाकडून वाढते. गवताचेही तसेच. म्हणून वरून कापलेली पात आणि चरलेले गवत पुन्हा वाढते.

मग वैजापूर-गंगापूरकडील शेतकऱ्याने पातही विकावी आणि त्याच रोपाचा मोठा कांदाही घ्यावा, हे जमेल का? नाही. हिरवी पात हा रोपाचा अन्नाचा कारखाना आहे. दिवस मोठे होऊ लागले, की तेथे तयार झालेले अन्न पानांच्या तळाशी साठते आणि कांदा पोसतो. पात वारंवार कापली, तर कांदा लहानच राहतो.

चाळीत साठवलेल्या कांद्याला पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा उलटा व्यवहार होतो. साठवलेले अन्न नव्या पातीकडे जाते आणि कांदा मऊ, हलका पडतो. शेतकऱ्याचे नुकसान होते ते यामुळेच. तुमच्या पेल्यावरचा कांदाही दाबून पाहा.

असाच दुसरा कांदा अंधाऱ्या कपाटात ठेवा. त्याच्या पातीचा रंग कोणता येतो आणि का, ते वहीत लिहा.