शेवटच्या रांगेसाठी सादरीकरण

कल्याणचे महादेवराव पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि निवेदन व संगीत यांच्या साथीने कथा सांगावयाची, असे त्या खेळांचे स्वरूप होते. मुंबईत चलच्चित्राचा पहिला खेळ १८९६ साली झाला; त्यापूर्वीच मराठी प्रेक्षक पडद्यावरील चित्रकथेत रंगून गेला होता. आज शाळा-महाविद्यालयांत, शेतकरी मेळाव्यांत आणि ग्रामसभांतून जे 'स्लाइड-शो' दाखविले जातात, त्यांचे नाते या जुन्या खेळाशी जवळचे आहे.

त्या खेळात चित्र पडद्यावर असे आणि कथा निवेदकाच्या मुखात असे. आजच्या अनेक सादरीकरणांत मात्र सारी कथाच पडद्यावर बारीक अक्षरांत उतरविलेली दिसते आणि वक्ता लोकांकडे पाठ करून ती वाचून दाखवितो. पहिल्या दोन रांगांना काही वाचता येते. मागच्या रांगांना पडद्यावर केवळ करड्या ओळी दिसतात. महाविद्यालयात यामुळे एक तास वाया जातो. ग्रामसभेत होणारी हानी याहून मोठी आहे. गावाच्या विकास आराखड्यातील कामे आणि त्यांवरील खर्च पडद्यावर मांडला जात असताना जो तो वाचू शकत नाही, तो प्रश्नही विचारू शकत नाही. माहितीवाचून दिलेली संमती म्हणजे नुसते मान डोलावणे होय.

हा दोष दूर करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. 'गूगल स्लाइड्स' व 'कॅनव्हा' ही महाजालावरील साधने प्राथमिक गरजांपुरती विनामूल्य उपलब्ध आहेत; 'लिबरऑफिस इम्प्रेस' ही प्रणाली संगणकावर उतरवून घेऊन महाजालाविना वापरता येते. कॅनव्हातील काही चित्रे व आराखडे यांना मूल्य द्यावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. या साधनांतील सोयी असंख्य आहेत. त्यांपैकी श्रोत्याचा भार हलका करणाऱ्या सोयी कोणत्या, एवढेच आपण येथे पाहू. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. साक्री तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याला पांझरेकाठच्या फड पद्धतीवर पंधरा मिनिटे बोलावयाचे आहे, असे समजू.

आधी कागद, मग संगणक

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत ही लोकांनी स्वतः चालविलेली सिंचनव्यवस्था होय. नदीवर बंधारा घालून पाणी कालव्यात वळवावयाचे, कालव्यातून चाऱ्यांनी शिवारात न्यावयाचे, शिवाराचे फड पाडावयाचे आणि एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, हा तिचा गाभा आहे. पाणी कोणाला, केव्हा व किती द्यावयाचे हे पाटकरी पाहतो आणि त्याचा मोबदला गाव देते.

हा विषय हाती घेताच संगणक उघडू नये. प्रथम कागदावर एकच वाक्य लिहावे: ऐकणाऱ्याने घरी जाताना काय घेऊन जावे? आपल्या उदाहरणात ते असे असेल: 'पीक ठरविणारे गाव एक झाले, म्हणून थोडे पाणी सर्वांना पुरले.' मग त्या वाक्याला आधार देणारे सहा-सात मुद्दे लिहावेत. प्रत्येक मुद्द्याला एक स्लाइड. ज्या मुद्द्याचा त्या वाक्याशी संबंध लागत नाही, तो कितीही मनोरंजक असला तरी वगळावा. स्लाइडच्या शीर्षस्थानीही 'प्रस्तावना', 'माहिती' असे कोरडे शब्द न लिहिता पूर्ण विधान लिहावे. 'फडातील पिके' यापेक्षा 'एका फडात एकच पीक' हे शीर्षक अधिक सांगते.

अक्षर दिसले पाहिजे

मराठी सादरीकरणात पहिली अडचण अक्षराची येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांग दिसू लागते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. गूगल स्लाइड्समध्ये 'मुक्ता', 'नोटो सान्स देवनागरी', 'टीरो देवनागरी मराठी' यांसारखे फॉन्ट विनामूल्य मिळतात. यांतील शेवटच्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपे आहेत. शालेय मुलांसाठी ते अगत्याचे ठरते. मात्र त्याची अक्षरे पुस्तकी घाटाची, जाड-बारीक रेषांची असल्याने ती मोठ्या शीर्षकासाठी वापरावीत. लहान मजकुरासाठी एकसारख्या जाडीचा फॉन्ट बरा.

देवनागरीला वर वेलांटी व रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत थोडे अधिक अंतर लागते. ओळींमधील अंतर एकऐवजी सव्वा ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकत नाही.

अक्षराचा आकार किती असावा, याची परीक्षा घरी करता येते. सभागृहातील पडदा पाच फूट रुंद असेल आणि शेवटची रांग तीस फुटांवर असेल, तर ती पडद्याच्या रुंदीच्या सहापट अंतरावर आहे. तुमच्या संगणकाचा पडदा एक फूट रुंद असेल, तर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून सहा फूट मागे उभे राहावे. तेथून जे वाचता येत नाही, ते शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही.

रंगांचेही तसेच आहे. प्रोजेक्टर प्रकाश टाकतो, काळोख टाकू शकत नाही. दिवसा उघड्या खिडक्यांच्या खोलीत गडद पार्श्वभूमी फिकी पडून तिच्यावरील रंगीत अक्षरे हरवतात. अशा ठिकाणी पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरेच टिकतात.

एकदा ठरवावे, सर्वत्र लागू व्हावे

प्रत्येक स्लाइडवर अक्षराचा आकार व रंग निराळा दिसला, की श्रोत्याचे लक्ष विषयावरून उडते. स्लाइडमागून स्लाइड हाताने दुरुस्त करणे हाही व्यर्थ श्रम होय. गूगल स्लाइड्समध्ये 'व्ह्यू' या यादीत 'थीम बिल्डर' नावाची सोय आहे. इम्प्रेसमध्ये 'मास्टर स्लाइड' हे काम करते. शीर्षकाचा फॉन्ट, मजकुराचा आकार, रंग आणि संस्थेचे बोधचिन्ह तेथे एकदा ठरविले, की तो बदल सर्व स्लाइडना लागू होतो. कोपऱ्यात पृष्ठक्रमांकही घालावा. 'पाचव्या चित्रातील कालवा पुन्हा दाखवा' असे श्रोत्याला म्हणता आले पाहिजे.

चित्र टप्प्याटप्प्याने उलगडावे

फड पद्धतीचा संपूर्ण नकाशा एकदम समोर ठेवला, तर नवख्या माणसाला त्यात रेषांचे जाळे दिसेल. तोच नकाशा पाण्याच्या वाटेने उलगडला तर तो कथा होतो. 'शेप्स' या सोयीने आयत, रेषा व बाण काढून असा नकाशा स्वतः तयार करता येतो. पहिल्या स्लाइडवर केवळ नदी काढावी. त्या स्लाइडची प्रत काढून तिच्यावर बंधारा घालावा. तिची प्रत काढून कालवा, मग चाऱ्या, मग निरनिराळ्या रंगांचे फड. एकामागून एक स्लाइड पुढे सरकविली, की पाणी नदीतून शेतात उतरल्याचा भास होतो.

हेच काम 'ॲनिमेशन'ने करता येते. परंतु प्रतींची रीत अधिक विश्वासाची आहे. ॲनिमेशन पीडीएफ प्रतीत नाहीसे होते आणि दुसऱ्या प्रणालीत कधी बिघडते. प्रती कोठेही तशाच राहतात. फिरणारी, उड्या मारणारी अक्षरे तर सर्वथा टाळावीत. त्यांनी हसू येते, आकलन वाढत नाही.

छायाचित्र घ्यावयाचे तर स्वतः काढलेले उत्तम. बंधाऱ्यावर जाऊन काढलेले एक छायाचित्र महाजालावरील दहा चित्रांना भारी ठरते. दुसऱ्याचे चित्र वापरल्यास परवान्याची अट पाहावी आणि छायाचित्रकाराचे नाव स्लाइडवर लिहावे. 'विकिमीडिया कॉमन्स'वर प्रत्येक चित्राखाली ही अट दिलेली असते.

आकडा खरा, आलेखही खरा

गूगल स्लाइड्समध्ये 'शीट्स'मधील आलेख जोडून घेता येतो. मूळ तक्त्यातील आकडा बदलला, की स्लाइडवर 'अपडेट'चे बटण दिसते आणि ते दाबताच आलेख ताजा होतो. मात्र यंत्र आलेख काढते. आकड्यांचा अर्थ यंत्राला कळत नाही.

याचे उदाहरण आपल्याच भागातील आहे. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत २५ लाखांहून अधिक होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेवीस लाखांच्या आसपास होती. हे दोन स्तंभ शेजारी शेजारी काढले, तर वीस वर्षांत लाखो लोक जिल्हा सोडून गेले, असा समज होईल. वस्तुतः १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. आलेखाखाली ही एक ओळ लिहिली नाही, तर खऱ्या आकड्यांनी खोटी गोष्ट सांगितली जाते. म्हणून प्रत्येक आलेखाखाली वर्ष, आकड्यांचा उगम आणि आवश्यक तो खुलासा असलाच पाहिजे. स्तंभालेखाची मोजणीही शून्यापासून सुरू करावी. अन्यथा किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो.

बोलावयाचे ते टिपणात

पडद्यावरून काढून टाकलेला मजकूर जावयाचा कोठे? प्रत्येक स्लाइडखाली 'स्पीकर नोट्स' नावाची जागा असते. तेथे लिहिलेले टिपण वक्त्यालाच दिसते, श्रोत्यांना दिसत नाही. स्लाइडवर सहा-सात शब्द आणि टिपणात सहा-सात वाक्ये, अशी विभागणी ठेवावी. क्रोम ब्राउझरमध्ये हे टिपण बोलूनही लिहविता येते; नंतर शुद्धलेखन तपासावे.

खानदेशात या सोयीचा विशेष उपयोग आहे. पडद्यावरील मजकूर प्रमाण मराठीत ठेवून बोलणे अहिराणीतून करता येते. टिपण अहिराणीतच लिहून ठेवले, तर वक्ता अडखळत नाही आणि श्रोत्याला विषय आपल्या घरातला वाटतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचे नाव आहे, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता मुखातून आली व इतरांनी ती टिपून घेतली. ज्याला वाचता येत नाही त्याला समजत नाही, असे मानणाऱ्याने त्यांचे स्मरण करावे. पडदा वाचू न शकणाऱ्या श्रोत्यासाठी चित्र आणि बोललेला शब्द यांतच सारा विषय आला पाहिजे.

अनेकांचे हात, एक काम

महाजालावरील साधनांचा मोठा लाभ म्हणजे एकच सादरीकरण अनेकांना एकाच वेळी करता येते. एक विद्यार्थी शिरपुरात, दुसरा चोपड्यात आणि मार्गदर्शक शिक्षक धुळ्यात असले, तरी तिघे त्याच स्लाइडवर काम करू शकतात. शिक्षकाने मजकुरात थेट बदल न करता 'कॉमेंट' लिहावी. विद्यार्थी त्यामुळे स्वतः दुरुस्ती शिकतो. कोणाकडून चुकून काही पुसले गेले, तर 'व्हर्जन हिस्टरी'तून पूर्वीची प्रत परत मिळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला सादरीकरण उघडता येईल, अशी मोकळीक देण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. लाभार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती अशा गोष्टी स्लाइडवर कदापि ठेवू नयेत.

पूर्वतयारी

महाजालावरील साधनाचा भरवसा महाजाल असेपर्यंतच. म्हणून आदल्या दिवशीच क्रोममध्ये 'ऑफलाइन' वापराची सोय सुरू करून ठेवावी. शिवाय पीपीटीएक्स व पीडीएफ अशा दोन्ही प्रती उतरवून पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जात असल्याने परक्या संगणकावरही अक्षर बदलत नाही. वीजच गेली तर? मुख्य नकाशाची एक मोठी छापील प्रत जवळ असावी. एक नकाशा आणि पंधरा मिनिटांचे बोलणे एवढ्यावरही सभा पार पडते. ती पडत नसेल, तर सादरीकरणात काही उणे आहे असे समजावे.

शेवटी एक रंगीत तालीम करावी आणि ती विषय मुळीच ठाऊक नसलेल्या घरच्या माणसापुढे करावी. संपल्यावर 'आवडले का?' असे विचारू नये. 'काय समजले?' असे विचारावे. उत्तरात आपण कागदावर प्रथम लिहिलेले वाक्य आले, तर काम झाले. न आल्यास नवी सजावट न करता एखादी स्लाइड कमी करून पाहावी.

फडातील पाण्याचा नियम साधा आहे: कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याच्याइतकाच शेवटाला असलेल्याचाही हक्क. माहितीच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. विनामूल्य मिळालेली ही साधने हाती घेताना शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत काय पोचले, एवढेच पाहावे. तो उठून प्रश्न विचारू लागला, म्हणजे सादरीकरण सफल झाले.