हशा आला, पण संहिता तयार झाली का?

प्रश्न : मी दोन अंकी मराठी विनोदी नाटक लिहिलंय. घरचे खूप हसतात. स्पर्धेला पाठवू का?
– एक वाचक, अभनपुर (जि. रायपूर)

उत्तर : अजून नको. घरच्यांना तुमचा आवाज आणि स्वभाव ठाऊक असतो. परीक्षकाच्या हाती नुसता कागद जातो. रायपुरातल्या मराठी मंडळींपैकी चार-पाच जणांना भूमिका वाटून द्या, वाचन करवून घ्या आणि स्वतः गप्प बसा. एकही वाक्य समजावून सांगू नका. हशा जिथे अपेक्षित होता आणि जिथे आला, त्या दोन्ही जागांवर खूण करा. मग प्रत्येक विनोद झाकून प्रसंग वाचा. कुणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय, हे तरीही कळलं पाहिजे. माझ्या मते खरी कसोटी हीच, आणि दुसरा अंक बहुधा इथेच ढासळतो.

तुमच्याच रायपूरचे नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर यांचं ‘चरणदास चोर’ (१९७५) हे नाटक ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांसोबत तालमींत घडत गेलं. तुम्हीही नटांच्या तोंडी जे बसलं नाही, ते बदला. पुढच्या वाचनात फक्त शब्दांची अदलाबदल उरली, की पाठवा. महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल.