प्रवेशपरीक्षेतील गणित आणि दुकानाची खतावणी

मानपूरच्या व्यापाऱ्याच्या मुलास हिशेब शिकवावा लागतो, असे कोणी म्हटले तर आपल्या बाजारपेठेत हसूच होईल. आग्रा-मुंबई रस्त्यावरील दुकानात गल्ल्याशेजारी बसून जे मूल वाढले, त्यास साडेसतरा रुपये किलोप्रमाणे पावणेतीन किलोचे किती, हे विचारताच सांगता येते. तरीही हीच मुले पदवी घेऊन व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेस बसली म्हणजे त्यांचे गुण पुष्कळदा नेमके गणितातच कमी पडतात. पालक बुचकळ्यात पडतात. मुलाने अभ्यासच केला नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पुष्कळ मुलांच्या चुकलेल्या उत्तरपत्रिका पाहिल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. दुकानातील चलाखी ही मुले परीक्षेत घेऊन जातात, परंतु दुकानातील शिस्त मात्र घरी ठेवून जातात.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. महूवरून इंदूरकडे जाताना राऊजवळ, पीथमपूरच्या मार्गावर, भारतीय प्रबंध संस्थेचा परिसर आपण सर्वांनी बाहेरून पाहिलेला आहे. १९९६ साली स्थापन झालेली ही संस्था देशातील अशा संस्थांपैकी सहावी. तिच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दार 'कॅट' या परीक्षेतून उघडते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही तेथे २०११ पासून सुरू आहे, आणि त्याच्या स्वतंत्र परीक्षेतही गणितास मोठे वजन आहे. २०२४ च्या कॅटमध्ये एकूण ६८ प्रश्न होते. त्यांपैकी गणिताचे २२, आणि त्यांस वेळ ४० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास दोन मिनिटेसुद्धा नाहीत. बरोबर उत्तरास तीन गुण, पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. काही प्रश्नांचे उत्तर स्वतः टंकित करावयाचे असते. तेथे चुकीबद्दल वजाबाकी नाही.

आता दुकानाची सवय कोठे आड येते ते पाहा. आपण 'वीस टक्के सुटतात' असे म्हणतो, तेव्हा ते बहुधा विक्रीवर मोजलेले असतात. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांस विकली की आपल्या बोलीत वीस टक्के. परीक्षेत मात्र, निराळे सांगितलेले नसेल तर, नफा खरेदीवर धरावयाचा. तेथे तो पंचवीस टक्के होतो. आपल्या मुलांचे कित्येक गुण या एका ठिकाणी सांडलेले मी पाहिले आहेत. दुसरे उदाहरण घ्या. व्यापाऱ्याने खरेदीवर ४० टक्के चढवून किंमत लिहिली आणि २५ टक्के सूट दिली, तर नफा किती? घाईने १५ हे उत्तर सुचते, आणि प्रश्न काढणाऱ्याने तो पर्याय मुद्दाम ठेवलेलाच असतो. शंभराचे एकशेचाळीस झाले. सूट त्या एकशेचाळीसावर, म्हणजे ३५ रुपयांची. हाती आले १०५, नफा पाच टक्के. पंचवीस टक्के कशाचे, हा प्रश्न मनात न विचारता जो आकडेमोड सुरू करतो, त्याचा गुणाकार कितीही शीघ्र असो, उपयोग नाही.

या परीक्षांत खोटे वजन वापरणारा दुकानदारही वारंवार भेटतो. हीनाधिक मानोन्मान हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे, हे आपल्या मुलांना पाठशाळेत शिकविलेले असते. तरी परीक्षेपुरता त्या गृहस्थाचा हिशेब करावाच लागतो. तो किलोऐवजी ९०० ग्रॅम देतो आणि खरेदीच्याच भावाने विकतो. नफा दहा टक्के नव्हे. ९०० ग्रॅमच्या खरेदीवर १०० ग्रॅमचा लाभ, म्हणजे नऊवर एक, अकरा पूर्णांक एक नवमांश टक्के.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. दुकानात आलेले गिऱ्हाईक परत पाठवू नये, हे आपणांस बाळकडूबरोबर मिळते. परीक्षेत मात्र काही गिऱ्हाईके नमस्कार करून परत पाठवावी लागतात. हिशेब सरळ आहे. पर्यायी प्रश्नच धरून चालू. एकाने २२ प्रश्न सोडविले, त्यांतील १२ बरोबर, १० चूक. त्यास मिळाले ३६ वजा १०, म्हणजे २६. दुसऱ्याने १४ च सोडविले, १२ बरोबर, २ चूक, त्यास ३४. ज्ञान दोघांचे सारखेच! चार पर्यायांपैकी एकावर डोळे मिटून बोट ठेवले, तर चार प्रयत्नांत सरासरीने तीन मिळतात आणि तीनच जातात, हाती शून्य. परंतु एक पर्याय निश्चित चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांत तीन प्रयत्नांस तीन मिळून दोन जातात. तेथे धाडस करण्यास हरकत नाही. जेथे वजाबाकीच नाही, तेथे उत्तर कोरे ठेवणे हे मात्र निव्वळ नुकसान होय.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच पेठेतील एक मुलगी माझ्याकडे आली होती. वडिलांचे किराण्याचे दुकान. आणखी एक वर्ष देण्याची घरच्यांची तयारी नव्हती, लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या बेतात होती. शिकवणीची फी भरलेली, पुस्तके तीनदा वाचून झालेली, आणि सराव-परीक्षेत गणिताचे गुण १६. तिने २० प्रश्न सोडविले होते, ९ बरोबर, ११ चूक. "काका, आणखी कोणते पुस्तक घेऊ?" हा तिचा प्रश्न. मी तिला पुस्तक सांगितले नाही. रात्री दुकान बंद करताना वडील काय करतात, एवढेच विचारले. ती म्हणाली, रोजमेळ लावतात. दहा रुपये जुळले नाहीत तरी जेवायला बसत नाहीत. मग तू अकरा प्रश्नांचा मेळ न लावता कशी जेवलीस?

ती खजील झाली, परंतु वही घेऊन बसली. अकरा चुका तिने स्वतः खात्यांवर घातल्या. तीन प्रश्नांची रीतच तिला ठाऊक नव्हती. तीन ठिकाणी आकडेमोड चुकली. उरलेल्या पाच प्रश्नांत रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, पण विचारले होते ते सोडून भलतेच काढलेले: मुद्दल विचारले असता व्याज, मुलाचे वय विचारले असता बापाचे. म्हणजे अकरांपैकी आठ चुका तिला येत असलेल्या गणितातल्या होत्या. नवे पुस्तक त्या आठांचे काय करणार?

तेव्हापासून प्रत्येक सराव-परीक्षेनंतर, जितका वेळ परीक्षेस तितकाच मेळास, असा तिचा नेम झाला. वहीत चार रकाने: प्रश्न कोणता, चूक कोणत्या खात्याची, ती कोणत्या ओळीवर घडली, आणि आठ दिवसांनी उत्तर न पाहता पुन्हा सोडविला तेव्हा काय झाले. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा. म्हणूनच तो बहुतेकांच्या वहीत कोरा असतो. समजावून घेतलेले गणित आणि स्वतः करता येणारे गणित यांत उधारी आणि रोख यांच्याइतके अंतर आहे. बरोबर आलेल्या, परंतु चार मिनिटे खाल्लेल्या प्रश्नांसही तिने निराळे खाते उघडले, ही कल्पना तिची स्वतःची. दोन महिन्यांनंतरच्या सराव-परीक्षेत तिने १४ च प्रश्न घेतले, ११ बरोबर आणले, ३ चुकले, गुण ३०. या अवधीत तिने नवीन प्रकरणे दोनच शिकली होती.

आकडेमोडीच्या खात्याविषयी थोडे सांगतो. आपल्या आजोबांच्या पिढीस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मुखोद्गत असत. सतरा सवे सव्वाएकवीस म्हणणाऱ्यास १७ चे १२५ टक्के काढण्यास कागद लागत नाही. छत्तीस औटे एकशेसव्वीस. साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश, हे ओठांवर असलेला विद्यार्थी निम्मा वेळ वाचवितो. कॅटमध्ये पडद्यावर गणकयंत्र मिळते, परंतु त्यावर एकेक आकडा दाबण्यात वेळ जातो. परदेशी विद्यापीठांसाठी असलेल्या जीमॅटच्या, २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात तर गणिताच्या २१ प्रश्नांस ४५ मिनिटे असून तेथे गणकयंत्र मुळीच नाही. घरात कोणी वडीलधारे अद्याप हे पाढे म्हणत असतील, तर मुलांनी त्यांच्यापाशी बसावे.

निवड आणि संयोग हे प्रकरण पाहून मुले घाबरतात, याचे मला नेहमी नवल वाटते. कारण भंग आणि विकल्प मोजण्याची परंपरा आपल्या आगमांपासूनची आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्याचे हिंदी भाषांतर सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली प्रसिद्ध केले. त्यात सहा रसांच्या मिश्रणांचे उदाहरण आहे. सहांतून तीन रस घ्यावयाचे तर वर सहा, पाच, चार. खाली एक, दोन, तीन. वरच्या गुणाकारास खालच्या गुणाकाराने भागा, वीस. एकेक, दोन-दोन असे करीत सहापर्यंत सर्व प्रकार मिळविले की त्रेसष्ट. आज प्रवेशपरीक्षेत समिती निवडावयाची असो वा खेळाडूंचा संघ, रीत हीच. त्याच ग्रंथात त्रैराशिक आहे, अपूर्णांक आहेत, मुद्दल-व्याजाच्या मिश्रणाची उदाहरणे आहेत. आजच्या अंकगणित विभागाचा बराचसा भाग तेथे ओळखीचा वाटतो.

शेवटी पालकांशी एक व्यवहाराची गोष्ट बोलावयाची आहे. कॅट अलीकडे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. २०२३ साली दिवाळी १२ नोव्हेंबरला आणि परीक्षा २६ ला होती. म्हणजे ज्या दिवसांत दुकानात पाय ठेवण्यास जागा नसते, त्याच दिवसांत मुलास अखेरच्या सराव-परीक्षा द्यावयाच्या असतात. धंदा बुडवा, असे मी म्हणणार नाही. परंतु सकाळी दुकान उघडण्यापूर्वीचे दोन तास सराव-परीक्षेचे, आणि रात्री रोजमेळ लागत असता त्याच दिव्याखाली मुलाच्या किंवा मुलीच्या चुकांचा मेळ, एवढी सोय दिवाळीतही करता येते. सराव-परीक्षा चालू असता "जरा गल्ल्यावर बस" म्हणून हाक मारू नये. त्या मुलीच्या वडिलांनी ते दोन तास गल्ल्यावर आपल्या धाकट्या भावास बसविले होते.