चतुराच्या पंखावरचा ठिपका

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस चेन्नईत येतो, तेव्हा मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या तळ्यावर चतुर घिरट्या घालताना दिसतात. इथे त्यांना ‘तट्टान’ म्हणतात. तट्टान खाली उडू लागले की पाऊस येणार, असा समज आहे. आपल्याकडची लहान मुले चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात. नाव गमतीदार आहे, पण हेलिकॉप्टरचे पाते एकाच दिशेने गोल फिरते. चतुराचा पंख सेकंदाला साधारण 30 वेळा वरखाली होतो आणि प्रत्येक फटक्याला वाकतो, पिळला जातो.

हा पीळ त्याला देते कोण? पंखाच्या पात्यात स्नायू नसतात. ते सगळे छातीत, पंखाच्या मुळाशी असतात. पीळ पडतो तो हवेच्या दाबाने आणि पंखाच्या घडणीमुळे. पंखाची पुढची कड जाड शिरांची व ताठ, मागची पातळ. वहीच्या कागदाची एक कड पेन्सिलीला चिकटवून पेन्सिल वरखाली हलवून पाहा. कागदाची मागची कड वर जाताना आणि खाली येतानाही मागे रेंगाळते, आणि दोन्ही वेळा हवा मागे ढकलली जाते. मागे दोरा टांगला तर तो हलताना दिसेल. कागदाऐवजी जाड पुठ्ठा लावला, तर हवा नुसती वरखाली घुसळते. (हा प्रयोग अभ्यासिकेत करू नये!)

उचल मिळण्याची गोष्ट आणखी वेगळी. विमानाच्या पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की हवा पंखावरून सुटते आणि उचल एकदम घटते. यालाच आपण ‘स्टॉल’ म्हणतो. कीटक तर याहून मोठ्या कोनात पंख मारतात. मग ते पडत का नाहीत? 1996 मध्ये केंब्रिजचे चार्ल्स एलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉकमॉथ या पतंगाभोवती धूर सोडून याचे उत्तर दाखवले. पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो आणि फटका चालू असेपर्यंत तिथेच टिकतो. भोवऱ्यात दाब कमी असल्याने पंख वर ओढला जातो. मैलापूरहून फार लांब नसलेल्या आयआयटी मद्रासमध्येही फडफडणाऱ्या पंखांमागच्या अशा प्रवाहांवर संशोधन चालते.

पण लवचिकपणाला एक धोका आहे, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. वेग वाढला की लवचिक पंख आपोआप थरथरू लागतो. विमानशास्त्रात याला ‘फ्लटर’ म्हणतात. 1916 मध्ये ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बरच्या शेपटीत असाच कंप आढळला होता. पुढे हॉलंडमध्ये फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी उपाय सुचवला: हलणाऱ्या भागाच्या बिजागरीपुढे थोडे वजन बसवायचे.

चतुराकडे हे वजन आधीपासूनच आहे! प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ, पुढच्या कडेला एक छोटा गडद ठिपका असतो. तो शोभेचा नाही. 1972 मध्ये नॉरबर्ग यांनी दाखवले की त्याचे वजन शरीराच्या हजाराव्या भागाएवढेच असते. पंख ज्या रेषेभोवती पिळला जातो तिच्या पुढे हे वजन असल्याने थरथर लांबणीवर पडते. त्यांनी तपासलेल्या चतुरात, न थरथरता तरंगण्याची वेगमर्यादा या ठिपक्यामुळे 10 ते 25 टक्क्यांनी वाढत होती.

तरंगणे महत्त्वाचे का, ते ‘ग्लोब स्किमर’ या पिवळसर चतुराकडे पाहून कळते. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास त्याचे थवे मालदीवमध्ये उतरतात, जिथे अंडी घालायला गोडे पाणी जवळपास नाहीच. 2009 मध्ये चार्ल्स अँडरसन यांनी मांडले की ते भारतातून निघून वाऱ्याबरोबर पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. कन्याकुमारीहून मालेच सुमारे 600 किलोमीटर दूर आहे. अर्ध्या ग्रॅमहून हलक्या कीटकाला एवढे अंतर नुसते पंख मारत कापणे परवडणार नाही. बराचसा प्रवास तो पंख पसरून, वाऱ्यावर तरंगतच करतो.