पाण्याची वाट आधी, इमारत मागून

गावात नवी शाळा होणार, अंगणवाडी होणार, दवाखाना होणार असे कळले की सगळ्यांना आनंद होतो. मंडळी विचारतात, खोल्या किती? वर पत्रा की स्लॅब? फरशी कोणती? नारळ कोण फोडणार? हे सगळे प्रश्न ठीक आहेत. पण एक प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. तो असा: आषाढात या जागेवर पडलेले पाणी जाणार कुठे?

हा धडा त्या एका प्रश्नाचा आहे. इमारतीचा नकाशा इंजिनिअर काढतात. पण पाणी कुठून येते आणि कुठे साठते, हे गावच्या माणसाला जास्त ठाऊक असते. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

१. आपल्याकडचा पाऊस

कैनाड हे डहाणू तालुक्यातले गाव. डहाणू आणि तलासरी या भागात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. २००० मिलिमीटर म्हणजे २ मीटर. हे पाणी वाहून गेले नाही, जिरले नाही, सुकले नाही, तर जमिनीवर उंच माणसाच्या डोक्यावरून पाणी उभे राहील. आणि हा पाऊस बारा महिने पडत नाही. बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातही काही दिवस असे येतात की तासाभरात ओहोळ दुथडी भरतो. इमारत बांधताना वर्षाचा पाऊस ध्यानात ठेवायचाच, पण त्या एका तासाचा पाऊस आधी ध्यानात ठेवायचा.

२. पाण्याचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा घ्या. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. एवढे पाठ करा.

आता समजा, शाळेचे छप्पर २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. २० गुणिले ८, म्हणजे १६० चौरस मीटर. जोराचा पाऊस आला आणि तासात ५० मिलिमीटर पडला. १६० गुणिले ५०, म्हणजे ८,००० लिटर. २०० लिटरची पिंपे धरली तर ४० पिंपे पाणी. एका तासात, एका छपरावरून! आढ्याचे पाणी वळचणीला यायचेच. वळचणीखाली त्याची सोय केली नसेल, तर ते स्वतः आपली सोय पाहते. भिंतीच्या पायात शिरते, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

३. इमारत झाली की काय बदलते?

गवताच्या जमिनीवर पाऊस पडला की बरेचसे पाणी जिरते. साधारण दहा भागांतले तीन भाग वाहून जातात. छपरावर आणि सिमेंटवर पाणी जिरत नाही. दहा भागांतले नऊ भाग वाहतात.

आपल्या शाळेची जागा ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे असे धरू. ती झाली १,२०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पावसात तिच्यावर ६०,००० लिटर पाणी पडते. शाळा नव्हती तेव्हा त्यातले १८,००० लिटर वाहत होते. आता ४०० चौरस मीटरवर छप्पर आणि फरसबंदी आली. त्या भागातून १८,००० लिटर वाहतात. उरलेल्या ८०० चौरस मीटर गवतावरून १२,००० लिटर वाहतात. एकूण ३०,००० लिटर झाले.

म्हणजे पाऊस तोच, जागाही तीच. पण खालच्या माणसाकडे तासाला १२,००० लिटर पाणी जास्त जाऊ लागले. हे पाणी शाळेचे आहे. त्याची जबाबदारीही शाळेचीच.

आम्ही नोकरीत असताना एका गावी असेच झालेले पाहिले. शाळा चांगली दगडी, पुढे सिमेंटचे मोठे पटांगण. पटांगणाचे सगळे पाणी एका कोपऱ्यातून खाली सुटे. खाली एका शेतकऱ्याचे खाचर होते. पहिल्याच पावसाळ्यात खाचराचा बांध फुटला आणि लावलेला भात वाहून गेला. तो म्हणाला, “गुरुजी, शाळा माझ्या पोरांसाठी आली म्हणता, मग माझ्या पोरांच्या तोंडचा घास कसा नेला?” या प्रश्नाला तिथे कोणाकडे उत्तर नव्हते. पुढे गावाने श्रमदान करून नाली काढली आणि पाणी ओहोळात सोडले. पण त्या वर्षीचा भात काही परत आला नाही. जे काम आधी एका रेघेत झाले असते, ते मागून नुकसान सोसून करावे लागले.

४. जागा उन्हाळ्यात पाहू नका

जागा पाहायला साहेब येतात ते बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा सगळी जमीन कोरडी आणि सारखीच दिसते. खरी जागा दिसते भर पावसात. म्हणून शक्य असेल तर एक पावसाळा त्या जागेवर फिरा. चार गोष्टी पाहा.

एक. वरच्या अंगाने, डोंगराकडून किंवा माळावरून, पाणी कुठून येते?

दोन. पाणी कुठे थांबते? किती दिवस थांबते?

तीन. खालच्या अंगाला काय आहे? घर, विहीर, खाचर की ओहोळ?

चार. पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढले होते? हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांनी दाखवलेल्या झाडावर किंवा दगडावर चुन्याची खूण करा.

पडीक आहे म्हणून फुकट मिळालेली जागा पुष्कळदा पाणथळ असते. कोणी घर बांधले नाही, त्याला काही कारण असते. ते कारण विचारा.

५. जोते, अंगण आणि नाली

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटीमीटर उंच हवे. पुराची खूण त्याहून वर असेल, तर जोते खुणेच्या वर न्या. तसे जमत नसेल तर जागाच बदला.

भिंतीजवळची जमीन बाहेर उतरती हवी. पहिल्या तीन मीटरांत १५ सेंटीमीटर उतार द्या. मग पाणी पायाकडे परत येत नाही. छपराला पन्हळ लावा. पन्हळ नसेल, तर पागोळ्या पडतात तिथे दगड बसवा. नाहीतर पागोळ्या माती उकरतात आणि पाया उघडा पडतो. आपल्या भागाला ही गोष्ट विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास डहाणू-तलासरीत भूकंपाचे पुष्कळ धक्के बसले. पायाखालची माती पाण्याने नेलेली असेल, तर अशी भिंत धक्का कसा सोसणार?

डोंगराकडून येणारे पाणी इमारतीपर्यंत येऊच देऊ नका. वरच्या अंगाला आडवा चर खणा आणि ते पाणी बाजूने काढून द्या.

नालीला उतार हवा. १ मीटर लांबीला १ सेंटीमीटर उतार ठेवावा. डोळ्याने उतार कळत नाही. गवंड्याजवळ पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहतात. ती लावूनच माप घ्या. लहान इमारतीला ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल नाली सहसा पुरते. वरचे पाणी तिच्यात येत असेल, तर ती मोठी लागते.

फाटकाखालची मोरी नालीपेक्षा लहान ठेवू नका. नाली हातभर रुंद आणि मोरीत चार बोटांचा पाईप, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. सागाची दोन पाने अडकली की काम संपले. मोरीच्या तोंडाशी जाळी लावा. मृगाच्या आधी नाली साफ करा आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला पाहा.

नालीचे तोंड ओहोळात सोडा, कोणाच्या खाचरात नको. तोंडाशी दगड पसरा, म्हणजे काठ खचत नाही. संडासाचे आणि न्हाणीचे सांडपाणी या नालीत कधीही सोडू नका. पावसाचे पाणी वेगळे, सांडपाणी वेगळे.

६. जास्तीचे पाणी अडवा

आता ते जास्तीचे १२,००० लिटर राहिले. ते थोडा वेळ अडवायचे आणि जमिनीत जिरवायचे. त्यासाठी उथळ खळगा करा. १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि फक्त २० सेंटीमीटर खोल, म्हणजे वीतभर. त्यात बरोबर १२,००० लिटर पाणी मावते. त्यात गवत लावा. खळगा भरला की वरचे पाणी नालीत जाईल असा सांडवा ठेवा. खोल खड्डा करू नका. शाळेजवळ मुले खेळतात.

जमिनीत पाणी जिरते की नाही, ते आधी तपासा. ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा खणा. पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा आणि तासाने किती उतरले ते मोजा. चिकण मातीत पाणी हळू उतरते. सखल खाचराच्या जागी तर श्रावणात जमिनीखालचे पाणीच वर आलेले असते. तिथे शोषखड्डा उपयोगाचा नाही. तिथे नालीच चांगली हवी. शोषखड्डा केलाच, तर पायापासून निदान ३ मीटर दूर करा.

खळग्यातले पाणी पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत जिरले पाहिजे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. आठवडाभर उभे राहिलेले पाणी म्हणजे हिवतापाला आमंत्रण. दवाखान्याच्या दारातच डास वाढले, तर त्या दवाखान्याला काय म्हणावे?

७. अंगण हीच शाळा

अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. त्याचे नाते आपल्याच भागाशी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडला आले. पाड्यावर जायचे, अंगणात मुले जमवायची आणि तिथेच शिकवायचे, अशी ती रीत होती. म्हणजे मुलांची शाळा चार भिंतींत नव्हती, अंगणात होती. अंगणात घोटाभर चिखल असेल, तर अंगणवाडी राहिली कुठे? म्हणून अंगणाचा उतार हे मागाहून करायचे काम नव्हे. ते शिक्षणाचेच काम आहे.

८. मोठ्या शहराने शिकवलेला धडा

तुम्ही म्हणाल, हे सगळे खेड्याचे. शहरात मोठी गटारे असतात. तर मुंबईचे ऐका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. त्यात समुद्राला भरती आली. मिठी नदीच्या काठी भराव आणि इमारती झाल्या होत्या, तिची वाट अरुंद झाली होती. शहरात चारशेहून जास्त माणसे दगावली. त्याच दिवशी त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. यातून दोन गोष्टी शिकायच्या. पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून आपल्या जागेची माहिती आपण ठेवायची. आणि पाण्याची जुनी वाट बुजवली, तर पाणी ती वाट विसरत नाही.

९. ग्रामसभेत विचारा

डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. गावाच्या विकासाच्या योजना पंचायतीने हाती घेण्याआधी त्यांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तेव्हा मंजुरीसाठी हात वर करण्याआधी नकाशा मागा. त्यावर पाण्याची वाट निळ्या रेघेने काढलेली आहे का, ते पाहा. नसेल तर सांगा, “साहेब, पाणी कुठं जाईल ते आधी दाखवा.” नालीचा आणि खळग्याचा खर्च अंदाजपत्रकात लिहिलेला आहे का, तेही वाचा. तुम्ही आता वाचायला शिकलात. वाचायचे ते अशाच कागदांसाठी. खालच्या पाड्यावरच्या माणसांना त्या दिवशी मुद्दाम बोलवा. पाणी शेवटी त्यांच्याकडेच जाणार आहे.

लक्षात ठेवा

• आधी पाण्याची वाट, मग इमारतीची जागा.
• वरचे पाणी बाजूने काढा. छपराचे पाणी पायापासून दूर न्या.
• जास्तीचे पाणी अडवा आणि जिरवा. उरलेले ओहोळात सोडा.
• आपले पाणी दुसऱ्याच्या बांधावर घालू नका.

शब्दांचे अर्थ

जोते: जमिनीपासून फरशीपर्यंतचा बांधलेला भाग.
पन्हळ: छपराच्या कडेला लावलेली पाणी नेणारी नळी.
पागोळ्या: छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा.
मोरी: रस्त्याखालून किंवा फाटकाखालून पाणी जाण्याची वाट.
सांडवा: भरल्यावर जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची जागा.

प्रश्न

१. तुमच्या घराचे छप्पर पावलांनी मोजा. एक पाऊल पाऊण मीटर धरा. ५० मिलिमीटर पावसात त्यावरून किती लिटर पाणी येईल?
२. तुमच्या गावातल्या शाळेचे पाणी पावसाळ्यात कुठे जाते? स्वतः जाऊन पाहा आणि चार ओळी लिहा.
३. शाळेजवळ खोल खड्डा का करू नये? उथळ खळगा का चालतो?
४. नव्या इमारतीची जागा तुम्हाला दाखवली, तर तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल?